शिष्यवृत्तीचा धनादेश आणि शुल्काची तारीख

आमच्या स्नेहमंडळाच्या शिष्यवृत्ती समितीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा यात अवघड ते काय, तर निधी उभारणे, अशी माझी ठाम समजूत होती. सभासदांनी एकत्र यावे, सहली काढाव्यात, गाण्याचे कार्यक्रम करावेत, एवढ्यासाठीच मंडळ मुळात स्थापन झाले. पुढे कार्यक्रमांतून उरलेल्या रकमेत देणग्यांची भर घालून परिसरातील सेवाभावी संस्थांना मदत आणि काही विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्याची पद्धत पडली.

पहिल्याच सभेत वाद झाला तो कायम ठेवीवरून. जमेल ती रक्कम ठेवीत टाकावी आणि केवळ व्याजातून शिष्यवृत्ती द्यावी, असे काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे होते. त्यांच्यापुढे मी दोन उदाहरणे ठेवली. रोटरीच्या निधीची कल्पना १९१७ मध्ये मांडली गेली, त्याची पहिली देणगी अवघी साडेसव्वीस डॉलरची होती आणि त्या संस्थेच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या १९४७ मध्ये, १८ विद्यार्थ्यांपासून. याउलट अमेरिकेतील फॉल रिव्हर या गावी अर्विंग फ्रॅडकिन या चष्म्याचा नंबर तपासण्याचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थांनी १९५८ मध्ये प्रत्येकाकडे एकेक डॉलर मागून मुलांच्या शिक्षणाला लगेच हात दिला. दोन्ही वाटा आपापल्या जागी योग्यच आहेत. पण ज्या मुलाला यंदा प्रवेश घ्यायचा आहे, त्याला तीस वर्षे थांबायला सांगता येत नाही. अखेर कोणाच्या स्मरणार्थ आलेल्या मोठ्या देणग्या ठेवीत ठेवाव्यात आणि वर्गणीतून आलेली रक्कम त्याच वर्षी वाटावी, असे ठरले. शिष्यवृत्तीचे बँक खाते स्वतंत्र असावे आणि त्यातील पैसा कार्यक्रमाच्या खर्चासाठी उसनासुद्धा घेऊ नये, हा खजिनदारांचा आग्रह सर्वांनी एकमताने मान्य केला.

त्यानंतर ४१ अर्ज आले. प्रत्येक अर्ज दोघांनी स्वतंत्रपणे वाचून २० पैकी गुण द्यायचे होते. एका मुलीने ‘तुमच्याविषयी लिहा’ या रकान्यात एकच ओळ लिहिली होती : ‘संध्याकाळी आई कामावर असते, म्हणून आजीचे सगळे मी करते आणि ती झोपल्यावर अभ्यासाला बसते.’ तिला एका परीक्षकाने १७ गुण दिले आणि दुसऱ्याने ८. दुसऱ्या परीक्षकांशी बोललो, तेव्हा त्यांचे म्हणणेही चुकीचे वाटले नाही. शाळेबाहेरील उपक्रमांना पाच गुण होते आणि त्या रकान्यात तिने रेघ ओढली होती. घरातील जबाबदारी हा उपक्रम धरायचा की नाही, हे आम्ही कुठे लिहूनच ठेवले नव्हते. म्हणून गुणांचे निकष आधी शब्दांत मांडले आणि सगळे अर्ज नावे झाकून पुन्हा वाचले. ज्या सभासदाच्या नात्यातील विद्यार्थी अर्जदार होता, तो सभासद छाननीच्या वेळी स्वतःहून बाहेर बसला, याचे मला आजही समाधान वाटते.

निवड झाली, यादी तयार झाली, आणि धनादेश नेहमीप्रमाणे वार्षिक मेळाव्यात व्यासपीठावरून द्यायचे ठरले. मेळाव्याला तीन महिने अवकाश होता. त्याच आठवड्यात निवड झालेल्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. तो म्हणाला, “सर, पैसे नंतर मिळाले तरी चालेल, पण मंजुरीचे पत्र शुक्रवारच्या आत मिळेल का? ते दाखवले तर शुल्कासाठी मुदत देतो, असे महाविद्यालयाने सांगितले आहे.” मी पत्र त्याच दिवशी पोहोचवले, पण त्या फोनने मी फार अस्वस्थ झालो. इतकी वर्षे आमचे धनादेश शुल्काची तारीख उलटल्यावर हातात पडत होते, म्हणजे मुलांच्या घरी तोवर कोणाकडून तरी कर्ज काढले जात असणार, आणि आम्ही मात्र मेळाव्यातील छायाचित्रे पाहून समाधान मानत होतो.

पुढच्या वर्षी मी सगळे वेळापत्रक उलटीकडून आखले. आधी शुल्काची अंतिम तारीख, तिच्या महिनाभर आधी मंजुरीचे पत्र, त्याच्या सहा आठवडे आधी अर्जाची मुदत. रक्कम थेट शिक्षणसंस्थेच्या खात्यात जमा होते. पुस्तके आणि प्रवास यांसाठीचा भाग मात्र विद्यार्थ्याच्या खात्यात जातो, कारण शुल्क भरूनही रोजचे भाडे नाही म्हणून वर्ग बुडवणारी मुले आम्ही पाहिली आहेत. मेळाव्याला येणे ऐच्छिक ठेवले. काही जुन्या देणगीदारांना हे रुचले नाही आणि त्यांची नाराजी मला समजते. आपण दिलेले कोणाच्या उपयोगी पडले, हे डोळ्यांनी पाहावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. तरीही गरज जाहीर करण्याची सक्ती कोणावर असू नये, या मतावर मी कायम आहे.

सेवाभावी संस्थांच्या बाबतीतही आता वस्तू परस्पर विकत न घेता आधी विचारतो. एका वृद्धाश्रमाने खुर्च्या नकोत, रात्रपाळीच्या मदतनिसाचा पगार द्या, असे स्पष्ट सांगितले, आणि आम्ही तो दिला.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. दुसऱ्या वर्षाची रक्कम मिळण्यासाठी सर्व विषयांत उत्तीर्ण होण्याची अट आहे, आणि यंदा एक विद्यार्थी आजारपणामुळे एका विषयात राहिला आहे. त्याची रक्कम थांबवू नये, फेरपरीक्षेपर्यंत अट शिथिल करावी, असा ठराव मी लिहून कार्यकारिणीकडे दिला आहे; पुढच्या सभेत तो पहिल्या क्रमांकावर आहे.