उघडझाप

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तर भाच्याने फोन नाकासमोर धरला. शेजारीशेजारी दोन होंडा एनएसएक्स सुपरकार. एक 1990 ची, दुसरी 2016 ची.

"मामा, कुठली घेशील?"

जणू मी चेकबुक उशाशी घेऊनच झोपतो! तरी म्हटलं, जुनी.

का, ते सांगताना पंचाईत झाली. आकड्यांत जुनीचा निभावच लागत नाही. तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, 270 हॉर्सपॉवर, पाच गिअर. नवीत दोन टर्बो, तीन इलेक्ट्रिक मोटर, नऊ गिअर आणि 573 हॉर्सपॉवर. मे महिन्याच्या सुट्टीत गॅलरीच्या गार फरशीवर आम्ही गाड्यांची ट्रम्प कार्ड खेळायचो, ज्याचा आकडा मोठा तो जिंकला, तेव्हाही हेच. समोरचा "सीसी!" म्हणून ओरडला, की लॅम्बोर्गिनी डायब्लोच्या 5.7 लिटरपुढे माझी एनएसएक्स मुकाट जायची. म्हणून मी ती हळूच गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचो. रडीचा डाव म्हणा हवं तर.

मला तिचे दिवे आवडायचे. दांडी फिरवली की नाकावरची दोन झाकणं टचकन वर. बंद केले की पुन्हा सपाट, जणू गाडीला दिवे नव्हतेच. 2002 च्या मॉडेलला होंडाने ते काढून काचेआड कायमचे दिवे बसवले. हवेचा अडथळा कमी झाला म्हणे. झाला असेल.

शिवाय आतून बाहेरचं दिसणं. एफ-16 विमानाच्या कॉकपिटवरून घेतलेली ती केबिन, चहूकडे काच. हल्लीच्या गाड्यांच्या पुढच्या काचेलगतच्या खांबाआड अख्खी स्कूटर लपते. नवीनेही खांब बारीक ठेवलेत, हे मान्य. पण तिला क्वाएट मोड आहे. बॅटरीवर गुपचूप गल्लीबाहेर पडते, कुणाची झोपमोड नाही. सुपरकारने इतकं समंजस असून कसं चालेल?

मग भाच्याला फॉर्म्युला वनचा शर्यतपटू आयर्टन सेना याची गोष्ट सांगितली. 1989 साली जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर त्याने ही गाडी चालवून पाहिली आणि सांगाडा जरा नाजूक वाटतो, असं तोंडावर सांगितलं. इंजिनिअरांनी ती जर्मनीत न्यूरबर्गरिंगच्या ट्रॅकवर नेऊन पिदडली, सांगाडा कणखर केला.

"सेना हल्ली काय करतो?"

1994 साली इटलीत इमोलाला अपघातात गेला, म्हटलं. चौतिसाव्या वर्षी, शर्यत चालू असताना. गाडी पुढे 2005 पर्यंत बनत राहिली.