डायलिसिस, ड जीवनसत्त्व आणि माझ्या रक्तवाहिन्या

डायलिसिस सुरू झाल्यावर माझ्या चिठ्ठीत ड जीवनसत्त्व दोनदा होतं. आठवड्यातून एकदा कोलेकॅल्सिफेरॉल आणि शिवाय कॅल्सिट्रिऑलची छोटी कॅप्सूल. दोन्ही कशाला, असं मी डॉक्टरांना विचारलं. उन्हातून किंवा गोळीतून मिळालेल्या ड जीवनसत्त्वावर आधी यकृतात प्रक्रिया होते आणि शेवटचा टप्पा मुख्यतः किडनीत पार पडतो. माझा अडला होता तो तिथेच. कॅल्सिट्रिऑल म्हणजे आयतं तयार ड.

ते कमी पडलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी चवताळतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून काढतात. या ग्रंथींचं संप्रेरक म्हणजे पीटीएच, आणि माझा पीटीएच असाच चढला होता. कॅप्सूलने तो उतरला, पण कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही वर गेले, कारण हे औषध आतड्यातून दोन्हींचं शोषण वाढवतं. डॉक्टरांनी कॅप्सूल लगेच थांबवली. त्याच सुमारास पोटाच्या एक्स-रेत महाधमनीच्या भिंतीवर पांढऱ्या रेघा दिसल्या. तो साचलेला चुना. फॉस्फरस सतत जास्त राहिला की रक्तवाहिनीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात, हे ऐकून मी हादरले. अशा ताठर नळ्यांमधून रक्त ढकलताना हृदयावर ताण येतो.

मग सारा भर फॉस्फरसवर. कॅल्शियमच्या बाइंडरऐवजी, म्हणजे अन्नातला फॉस्फरस आतड्यातच बांधून ठेवणाऱ्या औषधाऐवजी, बिनकॅल्शियमचं बाइंडर सेव्हेलॅमर आलं, आणि ते जेवतानाच घ्यायचं. पाकीटबंद पदार्थ मी पूर्ण सोडले. त्यात मिसळलेलं फॉस्फेट शरीर फार सहज शोषून घेतं. आकडे खाली आल्यावर कॅप्सूल कमी मात्रेत पुन्हा सुरू झाली.

याने रक्तवाहिन्या सुधारतील का, हेही मी विचारलं. २०१७ साली चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या अभ्यासात ड कमी असलेल्या, पण डायलिसिसपर्यंत न पोहोचलेल्या रुग्णांच्या रक्तवाहिन्या कोलेकॅल्सिफेरॉलनंतर अधिक चांगल्या रुंदावत होत्या. मला केवढी आशा वाटली! पण जपानमध्ये डायलिसिसच्या जवळपास हजार रुग्णांवर झालेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, त्यात अल्फाकॅल्सिडॉलने, म्हणजे किडनीतल्या टप्प्याची गरज नसलेल्या ड औषधाने, हृदयविकार कमी झाले नाहीत. त्या रुग्णांचा पीटीएच फारसा चढलेला नव्हता, हेही डॉक्टरांनी सांगितलं. मी कॅप्सूल घेते ती पीटीएचसाठी. तो फार खाली गेला तरी हाडं मंदावतात आणि कॅल्शियम सामावून घेत नाहीत, म्हणून मात्रा रक्ततपासणी पाहूनच ठरते. डायलिसिसवरच्या कुणी थकवा जावा म्हणून ड जीवनसत्त्वाची गोळी आपल्या मनाने सुरू करायचं म्हटलं, तर मी आधी त्यांचे कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएचचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगते.