रविवारी सव्वादहाला झिझकोव: चेक सेकंड डिव्हिजनमागे फिरलो त्याची गोष्ट

प्रागला कोणी आलं की चार्ल्स ब्रिज, घड्याळ, किल्ला हे होतंच, ते सांगायला माझी गरज नाही. मी 2024-25 चा सीझन इथल्या फुटबॉलच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या मॅचेसमागे फिरलो, त्याबद्दल लिहितोय. सोळाच्या सोळा टीमकडे जाणं जमलं नाही, नोकरी आहे बाबा. मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल म्हटलं की आधी शाहू स्टेडियम आणि पेठांची खुन्नस, टीव्हीवरची चॅम्पियन्स लीग नंतर. तसलं काही इथे मिळेल असं वाटलं नव्हतं.

मिळालं प्रागच्याच झिझकोव भागात. व्हिक्टोरिया झिझकोव घरच्या मॅचेस शक्यतो रविवारी सकाळी सव्वादहाला खेळते, तिथली जुनी रीत आहे, मॅच बघून दुपारी घरी जेवायला. मुख्य स्टेशनवरून ट्राम पकडा, लिपान्स्काला उतरा, साइफर्तोवा रस्त्यावरच ग्राउंड आहे, बिल्डिंगांच्या मधे कोंबून बसवल्यासारखं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्पार्टा आणि स्लाविया हे प्रागचे दोन बडे क्लब सोडून लीग जिंकलेला हा एकच क्लब, 1928 साली, आणि अजून ते परवा घडल्यासारखं सांगतात. माझ्या शेजारी एक आजोबा, लाल-पांढरा मफलर, एका हातात बिअर (सकाळी सव्वादहा!), दुसऱ्या हातात कागदाच्या ट्रेमधे क्लोबासा म्हणजे जाड सॉसेज, सोबत ब्रेडचा तुकडा, मोहरीचं सॉस आणि किसलेलं क्र्शेन म्हणजे हॉर्सरॅडिशचं मूळ, जे नाकात असं जातं की आपल्या ठेच्याची आठवण यावी. रेफ्रीने पेनल्टी दिली नाही तसे आजोबा उठले आणि सगळी मोहरी माझ्या जॅकेटवर. खिशातून रुमाल काढला, जॅकेट पुसलं, एक शब्द नाही, आणि मग अर्धवट राहिलेली शिवी पूर्ण केली.

खाण्याचं सांगतो. व्हेज असाल तर जरा पंचाईत, चीज तळून देतात ते मिळालं तर मिळालं, नाहीतर घरूनच पोटभर खाऊन निघा. बिअरच्या ग्लासचं डिपॉझिट घेतात, ग्लास परत केला की पैसे परत, फेकू नका. कॅश जवळ ठेवा, कार्ड सगळीकडे चालेल या भरवशावर राहू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, टाइमटेबल. सुरुवातीला फक्त वीकेंड जाहीर होतो, नेमका वार आणि वेळ नंतर ठरते. मी जुलैत सगळ्या तारखा कॅलेंडरमधे टाकून मोकळा झालो, परत बघितल्याच नाहीत, आणि एका गावात (नाव नको, चूक माझीच) रविवारी पोचलो तर मैदानावर एक माणूस गवत कापतोय. मॅच शुक्रवारीच होऊन गेलेली. निघायच्या आदल्या दिवशी चेक करा. ओपावा या गावी तर सप्टेंबरात मॅचला जायचं होतं, तेव्हा तिकडे पूर आला, ते राहूनच गेलं. आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत लीग बंद असते, त्या वेळात येणार असाल तर हे सगळं विसरा.

एकच लांबची ट्रिप करणार असाल तर झ्लिन. ट्रेनने ओत्रोकोवित्से, तिथून लोकल ट्रेन किंवा ट्रॉलीबस. हे बाटाचं गाव, आपले जूनमधे शाळा सुरू व्हायच्या आधी घेतलेले काळे बूट आठवतात ना, ती कंपनी 1894 मधे इथे सुरू झाली, कोलकात्याजवळचं बाटानगर त्यांचंच. मला तर आयुष्यभर बाटा देशीच वाटत होती. गावभर लाल विटांच्या सारख्याच बिल्डिंगा. कंपनीच्या जुन्या हेडऑफिसात साहेबांची केबिन म्हणजे चक्क लिफ्ट आहे, हात धुवायच्या बेसिनसकट, मालक बसल्या जागी हव्या त्या मजल्यावर. कम्युनिस्टांनी गावाचं नाव बदलून गॉटवाल्डोव ठेवलं होतं, 1990 ला परत झ्लिन झालं. टीमही तशीच, आदल्या सीझनला पहिल्या डिव्हिजनमधून खाली पडली आणि मी फिरलो त्या सीझनला पहिली येऊन लगेच परत वर गेली. पहिला थेट वर जातो, दुसऱ्या-तिसऱ्याला वरच्या डिव्हिजनच्या चौदाव्या-पंधराव्याशी खेळावं लागतं, आणि स्पार्टा बी, स्लाविया बी वगैरे म्हणजे मोठ्या क्लबांच्या दुसऱ्या टीम कितीही जिंकल्या तरी वर जाऊ शकत नाहीत, त्यामुळे त्यांच्या मॅचेसना तेवढी मजा नाही. माझं मत.

जवळचं हवं तर व्लाशिम. क्लबच्या नावातच सेलिये आणि बेलो आहे, ही 1825 पासूनची काडतुसांची कंपनी. प्रागहून बेनेशोवला ट्रेन बदलायची, पण आधी तिथेच उतरून कोनोपिश्टेचा किल्ला बघून घ्या, साराजेवोला मारला गेला तो ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड इथे राहायचा, स्टेशनवरून चालत जाता येतं. दुपारी छोट्या गाडीने व्लाशिम. परतीची गाडी आधी बघून ठेवा, मी मॅचनंतर बोलत बसलो आणि पुढच्या गाडीपर्यंत स्टेशनवर कुडकुडलो.