आत्या, आजोबा आणि एक रकाना
सकाळी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसले होते. विषय : मिशनरी शाळांनी आपल्याला काय दिलं. नोंदी भराभर निघाल्या. १८२७ मध्ये अमेरिकन मिशनरी शिक्षिका सिंथिया फरार मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते त्यांच्याकडे. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले.

संध्याकाळी नौपाड्यात आत्याकडे गेले. ती कॉन्व्हेंटमधली, जुनी अकरावी. "नन्सनी काय दिलं गं आत्या?" पोहे परतता परतता म्हणाली, "अक्षर. आणि उशीर व्हायची भीती." वर्गात मराठी बोललं की पट्टी बसायची, हे तिने हसत सांगितलं. मला नाही हसू आलं. 'अवर फादर' ही ख्रिस्ती प्रार्थना अजून तोंडपाठ, आणि गणपतीत आरतीला सूर लावते तीच. धर्म काही कुणाचा बदलला नाही, पण जेवताना टेबलावर कोपर टेकलं म्हणून आम्ही सगळी भाचरं तिचा ओरडा खाल्लेली आहोत!

पंचाईत वेगळीच आहे. आजोबा रेल्वेत कारकून, मुलींच्या शिक्षणासाठी हटून बसलेले. मग आत्या बँकेत ऑफिसर झाली ती शाळेमुळे, की आजोबांमुळे? माझ्या प्रश्नावलीत आजोबांना रकानाच नाही. बावीस मुलाखती झाल्यात. आता सगळ्यांना परत फोन.