दुतोंड्या मारुती पोस्टर, नोंद ७: अनुस्वार सापडले

गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीचं पोस्टर मी स्क्रीन प्रिंटिंगनं छापते आहे: जाळीवर प्रकाशानं घट्ट होणारं इमल्शन लावायचं, त्यावर अक्षरांची फिल्म ठेवून प्रकाश द्यायचा आणि धुवायचं, की अक्षरांपुरती जाळी उघडते आणि स्टेन्सिल तयार होतं. काल रात्री साडेअकराला ‘गंगा’ (आम्हा नाशिककरांची गोदावरी) एकदाची ‘गंगा’ अशीच छापली गेली. पहिला कागद उचलला आणि तसाच हातात धरून खिडकीशी उभी राहिले.

तळाची सोळा पॉइंटाची ओळ तुम्हाला आठवत असेल: ‘गंगेला पूर आलाय. पाणी कुठं पोचलं?’ मोठी अक्षरं पहिल्या दिवसापासून स्वच्छ येत होती. या ओळीतली टिंबं मात्र धुताना उघडत नव्हती, आणि कागदावर यायचं ‘गगेला पूर आलाय. पाणी कुठ पोचल?’ बोलीतल्या मराठीचा अर्धा जीव त्या टिंबात असतो. ती नसतील तर ओळ नाशिकची राहत नाही. तीन आठवड्यांत अकरा स्टेन्सिलं खरवडली.

आधी पावसाळ्यावर संशय होता. इमल्शन वरून कोरडं वाटायचं, पण आत ओल राहायची. म्हणून जुन्या कपाटात छोटा पंखा लावून फ्रेम रात्रभर ठेवली. कडा सुधारल्या, टिंबं तशीच. मग स्टेप टेस्ट, म्हणजे प्रकाश कमीजास्त वेळ देऊन बघणं: दोन मिनिटांपासून सहापर्यंत. दोनला टिंबं उघडायची, पण इमल्शन बुळबुळीत राहून शिरोरेषेच्या कडेनं सुटायचं. पाचला स्टेन्सिल दगडासारखं पक्कं, पण टिंबं बंद. मधला कुठलाच वेळ दोन्ही देईना. या टप्प्यावर इमल्शनची बाटली तपासली तर वापरायची तारीख केव्हाच उलटलेली. दुकानदारानं बदलून दिली, पण तुम्ही काउंटरवरच तारीख वाचून घ्या.

तुमच्यापैकी दोघातिघांनी सुचवलेली पिवळी जाळी मुंबईहून मागवली, १०० टी, म्हणजे सेंटिमीटरला शंभर धागे. पांढरा धागा प्रकाश आडवा पसरवतो, पिवळा तो शोषून घेतो, हे वाचलं होतं. आता डोळ्यांनी पाहिलं. तीनातलं एक टिंब लगेच उघडलं. महाग आहे, पण मी आता पांढरीकडे परत जाणार नाही.

उरलेल्यांचं उत्तर शेजारच्या काकांनी दिलं. ते नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेत, १९२८ पासून नोटा छापणाऱ्या त्याच प्रेसमधून. छापील कागदातले दोष शोधण्यात त्यांची नोकरी गेली. त्यांनी भिंग काढलं, फिल्म तिरकी धरली आणि विचारलं, “बाळा, काळं कुठल्या बाजूला आहे?”

काळं, म्हणजे फिल्मवरचा टोनर, इमल्शनपासून लांबच्या बाजूला होतं. मी लिनोवर (लिनोलियम कोरून केलेल्या ठशावर) शिकले, आणि लिनोत सगळं उलटं कोरावं लागतं. तीच सवय घेऊन स्क्रीनवर आले आणि डीटीपीवाल्याकडून फिल्मही उलटीच काढून घेत राहिले. ती जाळीच्या कागदाकडच्या बाजूला, टोनर बाहेरच्या अंगाला करून ठेवली की छपाई सुलटी येते, त्यामुळे शंका कधी आलीच नाही. पण टोनर आणि इमल्शन यांच्यामध्ये फिल्मची जाडी राहते. माझ्या प्रकाश द्यायच्या पेटीत आठ ट्यूब आहेत, प्रकाश सगळीकडून तिरका येतो आणि त्या फटीतून टिंबाखाली शिरतो. मोठ्या अक्षराची कड थोडी खाल्ली गेली तर कळत नाही. पाऊण मिलिमीटरचं टिंब सगळंच जातं.

सुलटी फिल्म काढली, टोनर थेट इमल्शनला टेकवला, वर फोम आणि दोन पाटे. साडेचार मिनिटं. धुताना तिन्ही टिंबं एकामागून एक उघडली. काकांना खाली हाक मारली, त्यांनी भिंगातून प्रत्येक टिंब पाहिलं आणि मान डोलावली. मला ते बक्षिसासारखं वाटलं.

दुसरा आनंद रंगाचा. मारुती शेंदरी, त्यावर पाण्याचा निळा, तीन भाग शाईला सात भाग पारदर्शक बेस. जिथं निळा शेंदरावर चढला तिथं तपकिरी, गढूळ रंग उतरला. गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर गोदाघाटावर जो रंग येतो, अगदी तोच! तिसरी शाई घोटून तो मला जमला नसता.

आणि हे लिहितालिहिता बेत बदलतोय. पुरात आपण सगळे विचारतो, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? पाय, गुडघे, कंबर, छाती. मग पोस्टर एकच का? मारुतीचं स्टेन्सिल तेच ठेवून पाणी चार उंच्यांवर छापायचं. चिकटपट्टी लावली तर रेघ सरळ येईल, पाण्याला ती शोभत नाही. त्यापेक्षा वर्तमानपत्र हातानं फाडून जाळीखाली लावते. फाटलेली कडच लाट होईल. पहिल्या ओढीला शाईनं कागद जाळीला चिकटतो आणि पंधरा-वीस प्रती सहज निघतात.

साठ कागद कापून ठेवलेत, म्हणजे पंधरा संच. सुटं पोस्टर सहाशेला ठरलं होतं. संच दोन हजारांना ठेवावा असं वाटतंय. एप्रिलपासून डीटीपीची नोकरी अर्धवेळ केली आहे. लग्नपत्रिकांवर घरभाडं निघतं, कागद-शाई या पोस्टरांनी सुटली पाहिजे. कॉलेज रोडच्या एका कॅफेनं भिंत देऊ केली आहे. चार चौकटी शेजारी शेजारी, डावीकडून उजवीकडे पाणी चढत जाणारं.

चारही कागदांत तळाची ओळ निळ्याखाली जाईल. ती वर, मारुतीच्या डोक्याशी घ्यावी का? आज रात्री दोन्ही जागी एकेक छापून बघते.