तुम्ही विचारलंत म्हणून: लहान, हलकं आणि झटका नसलेलं पिस्तूल

मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसाद हातात पडतो न पडतो तोच, दिवाळी पहाटेला पार्किंगमध्ये, नाहीतर माझ्याच दुकानात जाड पोह्यांचं बिल करताना, प्रश्न एकच असतो. "ताई, मला शिकायचंय. पर्समध्ये मावेल असं लहानसं, आणि ज्याला झटका नाही असं पिस्तूल कोणतं?" विचारणाऱ्या बहुतेक बायका. पुरुष विचारतात ते "मिसेससाठी" म्हणून. आजवर मी "सवडीने बोलू" म्हणत सटकले. ती सवड काही मिळत नाही, म्हणून लिहून टाकते.

पिस्तूल असावं की नसावं, हा वाद मला इथे नको. शेजारच्या दुकानात रात्री नळी रोखून गल्ला नेला, त्यानंतर आमच्या घरात काय बोलणी झाली ते डॅलसमधल्या निम्म्या मराठी माणसांना माहीत आहे.

पण आधी व्हिसा. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, ही बातमी सगळ्यांना पाठ असते. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असाल तर विकत घेणं सोडाच, रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) भाड्याचं पिस्तूल हातात धरणंही केंद्रीय कायद्यात अडकतं, हे मात्र कुणाच्या गावी नसतं. शिकारीच्या वैध परवान्यासारखे अपवाद आहेत, ते वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड असेल तर पुढे वाचा.

तुमच्या प्रश्नातल्या दोन अटी एकमेकींचा गळा धरतात. गोळी पुढे जाते, पिस्तूल मागे येतं. गोळीला जेवढा रेटा मिळाला तेवढाच पिस्तुलाला मिळतो. तो रेटा किलोभर लोखंडाला मिळाला तर ते जरासं हलतं, पाव किलोला मिळाला तर ते उसळतं. गोळी तीच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं की हातावर येणारी ऊर्जा दुप्पट होते. आठवी-नववीचं विज्ञान आहे. तरी बंदुकीच्या दुकानातला काउंटरमागचा माणूस बाई पाहिली की सर्वांत हलकी वस्तूच बाहेर काढतो, आणि आपणही ती तळहातावर तोलून "किती गोड!" म्हणतो.

मीही म्हटलं होतं. त्या माणसाने माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिलं आणि .३८ स्पेशलचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर समोर ठेवलं. अॅल्युमिनियमची बॉडी, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) ओढायची नाही, काही अडकत नाही, चाप ओढला की झालं, असं तो म्हणाला. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि माझा संताप होतो तो नेमका याच गोष्टीचा. खोटं बोलला असता तर परत जाऊन भांडले तरी असते. वर त्याने 'प्लस पी' काडतुसं दिली, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाची. घेतलंच आहे तर काडतुसं दमदार घ्या, म्हणाला.

रेंज बंदिस्त होती. शेजारच्या लेनमध्ये कुणीतरी .३५७ मॅग्नम, म्हणजे माझ्याहून कितीतरी जोरदार काडतूस, उडवत होता, त्यामुळे माझी पहिली गोळी सुटायच्या आधीच मी अर्धी संपले होते. कानावर मफ होते, तरी तो आवाज छातीत बसत होता. मूठ इतकी आखूड की करंगळी खाली लोंबकळत राहिली. चाप ओढला. डोळ्यांपुढे नारिंगी भपका, नळी छताकडे, आणि चापाभोवतीची कडी मधल्या बोटाच्या सांध्यावर अशी आदळली की बोट मोडलं असंच वाटलं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या कातडीला चीर गेली. नवरा म्हणाला, "थांबूया का?" त्याच्या मित्रासमोर थांबायचं नव्हतं म्हणून दुसरी झाडली. ती टार्गेटच्या कितीतरी खाली, काँक्रीटच्या फरशीला लागली. रेंजवरचा माणूस आला आणि फार सभ्यपणे म्हणाला, आज एवढं पुरे करूया. नवऱ्याचा मित्र हसत म्हणाला, "वहिनी, हे आपलं काम नव्हे."

गाडीत कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बोट सुजून टम्म. गल्ल्यावर बटणं दाबायला डावा हात वापरत होते आणि विचारेल त्याला दारात बोट चेमटलं म्हणून सांगत होते. दुखण्याचं फार नव्हतं. गिऱ्हाइकांशी खोटं बोलताना मला त्या मित्राचं म्हणणं पटायला लागलं होतं, ते जास्त लागलं. रिव्हॉल्व्हर तिजोरीत गेलं आणि बराच काळ तिथेच राहिलं.

मग एका वेगळ्या रेंजवर शिकवणाऱ्या बाई भेटल्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या, केस पांढरेशुभ्र, आवाज खणखणीत. त्यांनी माझ्या हातात रुगरचं .२२ चं टार्गेट पिस्तूल दिलं. किलोच्या वर वजन, लांब नळी. मी म्हटलं, हे जड आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, माझ्या .३८ मधली आठ-दहा ग्रॅमची. ते पिस्तूल हातात नुसतं थरथरल्यासारखं झालं. त्यानंतर त्यांनी मॅगझिनमध्ये मला न दाखवता खऱ्या गोळ्यांत नकली काडतुसं मिसळली. नकलीची पाळी आली, चाप ओढला, नुसतं 'टक' झालं, आणि गोळी सुटलेली नसताना माझ्या मनगटाने नळी खाली दाबली. मी स्वतः पाहिलं. झटका नव्हताच, तो येणार म्हणून हात आधीच झुकला होता. फरशीतल्या त्या गोळीचा उलगडा मला तिथे झाला.

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: शिकायला भरपूर वजनाचं .२२. त्यावर हात बसला की मध्यम आकाराचं ९ एमएम. उदाहरणार्थ ग्लॉक १९: रिकामं सहाशे ग्रॅम, पंधरा गोळ्या भरल्या की साडेआठशेच्या घरात. तिथे करंगळीही मुठीवर बसते, आणि गोळी सुटताना नळी व स्लाइड काही काळ एकत्र मागे येतात, त्यामुळे रेटा जरा पसरतो. लोक ".३८० घ्या, ती नरम असते" म्हणतात. (.३८ आणि .३८० ही दोन वेगळी काडतुसं, बहिणी नव्हेत.) काडतूस नरम आहे हे खरं, पण ते रुगर एलसीपीसारख्या पावणेतीनशे ग्रॅमच्या खिशातल्या पिस्तुलात भरलं की ते पिस्तूल ग्लॉकपेक्षा जास्त वेगाने मागे येतं आणि माझ्या हाताला तरी जास्त बोचतं. वॉल्थर पीपीके त्याच्या दुपटीहून जड, काडतूस तेच, तरी लागतं. कारण तिथे नळी जागच्या जागी पक्की आणि सगळी भिस्त स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर. उलट २०१८ मध्ये आलेलं स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड, तेही .३८०, पण सव्वापाचशे ग्रॅमचं आणि स्लाइड ओढायला हलकं. संधिवाताची बोटं असतील तर ते हाताळून पाहा.

'बायकांचं म्हणजे हलकं' हे खूळ फक्त इथलं नाही. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं: टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, .३२ चं, पाचशे ग्रॅमचं, बायकांच्या पर्ससाठी म्हणून. .३२ मुळात नरम काडतूस, त्यामुळे तिथे निभावलं असेल. मूळ विचार मात्र माझ्या काउंटरवाल्याचाच. नागपूरच्या मामी फोनवर "आपल्याकडचं बायकांचं रिव्हॉल्व्हर कसं असतं गं?" असं विचारतात, तेव्हा मी विषय बदलते.

इथवर मी मोठ्या तोऱ्यात बोलले. आता अडचण. .२२ घरी तिजोरीत आहे, ग्लॉकही. टेक्ससच्या ऑगस्टमध्ये, सुती कुर्त्यात, रात्री गल्ला मोजून दुकानाला कुलूप लावताना माझ्याजवळ काय असतं? तेच .३८. कारण तेच मावतं. साधी काडतुसं आणि रबराची लांब मूठ घालून मी ते आता चालवू शकते, पण आवडीने नाही, आणि पाचव्या गोळीपर्यंत हात झुकायला लागतोच. म्हणजे काउंटरवाला बरोबर होता? तेव्हाची मी आज समोर असती तर म्हणाली असती, बघ, शेवटी त्याचंच ऐकलंस. मी तिला सांगते की आधी .२२ हातात दिलं असतं तर तू एवढा काळ तिजोरी बंद ठेवली नसतीस. ती विचारते, पण .२२ घेऊन कुलूप लावायला गेली असतीस का? नसते गेले. नवरा म्हणतो, मग विक ते. विकत नाही.

त्यामुळे "कोणतं घेऊ" याचं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही, कशावर शिकायचं एवढंच मिळेल. रविवारी सकाळी मी रेंजवर असते. बंद गळ्याचा टॉप घाला. गरम पितळी पुंगळी ड्रेसच्या गळ्यात गेली की भरलेलं पिस्तूल हातात घेऊन नाच होतो, आणि तो धोका झटक्यापेक्षा मोठा आहे. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. .२२ मी आणेन, काडतुसं तुमची. नवऱ्याचे मित्र घरी ठेवा.