नवरा-बायको एक, गाड्या दोन

पुण्यात गाडी येत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, पण गिअरची गाडी येत नाही अशी माणसं ढिगाने आहेत आणि आम्ही दोघंही त्यातलेच. मी कॉलेजात सनी, मग स्कूटी, लग्नानंतर ॲक्टिव्हा. नवरा आधी लूना, मग सासऱ्यांची कायनेटिक होंडा, मग तोही ॲक्टिव्हाच. पंचेचाळिशी आली, लेकीची दहावी झाली आणि ती आपल्या मित्रमैत्रिणींत रमली, रविवार मोकळे पडायला लागले आणि मग डोक्यात आलं की मोटरसायकल शिकू. तो चालवणार आणि मी मागे ओढणी सांभाळत बसणार असं नाही हां. दोघांनी शिकायची, दोघांची वेगळी गाडी.

हे घरात सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं मग एकाच गाडीवर जा ना दोघं, पेट्रोल तरी वाचेल." माझी आई म्हणाली हात-पाय मोडून घेशील. म्हणजे बघा, वीस वर्षं मी त्याच्या मागे बसून हायवेने साताऱ्यापर्यंत जाऊन आले त्यात कुणाला धोका दिसला नाही, मी स्वतः हँडल धरणार म्हटल्यावर सगळ्यांना माझे गुडघे आठवले. खरं तर हे काही आभाळातून पडलेलं नवीन नाहीये, याच पुण्यात 2011 साली उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी बाइकरनी हा फक्त बायकांचा मोटरसायकल ग्रुप सुरू केला, आणि 2023 मध्ये रमिला लटपटे तर नऊवारी नेसून जगप्रवासाला निघाली. पण हे सासूबाईंना सांगून उपयोग नव्हता, त्या म्हणाल्या असत्या ती वेगळी.

आता माझं एक ठाम मत. नवरा-बायकोला एकत्र शिकायचं असेल तर दोघांनाही काहीच येत नसणं यासारखा फायदा नाही. आमच्या ओळखीत दोन-तीन जोड्या आहेत जिथे नवरा आधीपासून बुलेटवाला आणि बायकोने नंतर शिकायला घेतलं, तिथे ती कायमची विद्यार्थिनीच राहते बिचारी. "क्लच सोड, हळू, अगं हळू म्हटलं ना" हे पहिल्या दिवशी ठीक आहे, पण वर्षभराने पण तेच? त्यातल्या एकीने गाडी विकून टाकली आणि मला वाटतं तिला गाडीचा कंटाळा नव्हता आला, शिकवणीचा आला होता. आमच्यात दोघंही ढ. त्याची गाडी बंद पडली की मी हसायचे, माझी पडली की तो. कुणी कुणाचा मास्तर नाही.

मास्तर म्हणून आम्ही आमच्या गॅरेजवाल्याचा पुतण्या धरला. चोविशीतला पोरगा, मला ताई म्हणतो आणि नवऱ्याला काका, याचा नवऱ्याला अजून राग आहे. त्याच्याकडे एक जुनी स्प्लेंडर होती, लेगगार्ड लावलेली, टाकीला पोचे आलेली, आणि माझं म्हणणं आहे की शिकायला याहून चांगली गाडी नाही. वजन 110 किलोच्या आसपास म्हणजे ॲक्टिव्हाइतकंच, पडली तर एकटीने उचलता येते आणि पडली तरी कुणाला हळहळ नाही. सकाळी सहाला मैदानावर जायचो, साडेसातनंतर क्रिकेटवाली मुलं यायची मग संपलं.

पहिल्या काही दिवसांत त्याने आम्हाला रेस देऊच दिली नाही. फक्त क्लच. पहिला गिअर टाकायचा, क्लच हळूहळू सोडायचा, गाडी पुढे सरकायला बघते तिथे थांबायचं, परत दाबायचा. हाफ क्लच. हे हाताला कळलं की अर्धी मोटरसायकल आली असं तो म्हणायचा आणि खरंच आहे ते, कारण ट्रॅफिकमध्ये, चढावर, यू टर्नला सगळीकडे तेच लागतं.

पण स्कूटरवाल्यांचा खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे आणि तो कुणी आधी सांगत नाही. आपला डावा हात. पंचवीस वर्षं डाव्या हाताने मागचा ब्रेक दाबलाय, समोर कुत्रं आलं की मेंदूला न विचारता डावी मूठ आवळली जाते. मोटरसायकलवर तिथे क्लच असतो. म्हणजे घाबरून ब्रेक दाबायला जावं आणि इंजिन चाकापासून सुटून गाडी आणखीनच मोकळी पळावी! मागचा ब्रेक तिकडे उजव्या पायात, आणि उजव्या पायाला आयुष्यात स्कूटरवर काही काम नव्हतं, तो आपला भाजीच्या पिशवीला टेकून बसलेला असायचा. ही सवय मोडायला आम्हाला गिअर शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्या पोराने उपाय केला तो असा की चालत्या गाडीपुढे अचानक हात वर करायचा आणि आम्ही उजवा हात-उजवा पाय एकदम वापरून थांबायचं, डावा क्लच सगळ्यात शेवटी, गाडी बंद पडायच्या आत. परत परत परत. नवरा घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघताना पण उजवा पाय दाबायचा.

दुसरी गोष्ट नजर. खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते, हे स्कूटरवर पण होतं पण तिथे वेग कमी असतो म्हणून जाणवत नाही. वळणावर जिथून बाहेर पडायचंय तिकडे बघायचं, मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून नाही. आणि हळू वेगात हँडल वळवलेलं असताना पुढचा ब्रेक खसकन दाबायचा नाही, तिथे पायातला ब्रेक, नाहीतर गाडी आहे त्या जागी आडवी.

लायसनचा किस्सा सांगायलाच हवा. नवऱ्याने अठराव्या वर्षी कुणाच्या तरी एम-एटीवर, म्हणजे बजाजच्या त्या जुन्या गिअरवाल्या गाडीवर, टेस्ट दिलेली, त्यामुळे त्याच्याकडे विथ गिअरचं लायसन होतंच, आणि त्यानंतर त्याने गिअरला हात लावला नव्हता. कायद्याने तो तयार रायडर. माझ्याकडे फक्त विदाउट गिअर. त्यामुळे मैदान सोडून रस्त्यावर यायचं तर मला लर्निंग काढावं लागलं, लाल एल लावून फिरावं लागलं, आणि महिनाभर थांबल्याशिवाय टेस्ट देता येत नाही म्हणून थांबले. लर्निंगवर असताना मागे कुणाला बसवायचं नाही, शिकवणारा सोडून, हे पण लक्षात ठेवा. टेस्टला आठचा आकडा काढायला लावतात, तो मी पाय न टेकवता काढला. नवऱ्याने तिथे बाहेर उभं राहून बघितलं आणि नंतर मैदानावर स्वतः करून बघितला तर त्याचा पाय टेकला. एवढंच म्हणते.

मग गाड्या. इथे सगळं जग सल्ला द्यायला येतं. शोरूममध्ये गेलो तर सेल्समन माझ्या गाडीबद्दल पण नवऱ्याशीच बोलत होता, मॅडमना स्कूटर दाखवू का म्हणाला. आम्ही तिथून निघालो, नाव नाही घेत.

माझी उंची पाच फूट एक इंच. नवरा पाच नऊ. त्यामुळे दोघांना सेम गाडी घेऊ, जोडीने छान दिसेल, हा विचार पहिल्याच आठवड्यात बाद केला. लोक सीसी विचारतात, नवशिक्याने आधी सीटची उंची आणि वजन विचारावं. बघा ना, रॉयल एनफील्डची मीटिओर, तिची सीट 765 मिलिमीटर, मला दोन्ही पाय व्यवस्थित टेकत होते, पण वजन 191 किलो. पार्किंगमधून मागे ओढायची तर मी टायल्सवर घसरले असते. त्यांचीच हंटर 181 किलो म्हणजे दहा किलोने हलकी, पण सीट 800, तिथे माझे चवडेच टेकायचे. यामाहाची एफझेड वजनाने मस्त, 135 किलोच्या आसपास, पण सीट 790 आणि रुंद. शेवटी मी बजाजची ॲव्हेंजर स्ट्रीट 160 घेतली, सेकंडहँड, सीट 737 मिलिमीटर, दीडशे किलोहून थोडं जास्त वजन. बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीवर. नवऱ्याच्या ऑफिसात कुणीतरी म्हणालं ॲव्हेंजर आऊटडेटेड आहे. असू दे, मी पण आहे.

तिचे तोटे पण सांगते. पाय पुढे असतात त्यामुळे खड्डा आला की फुटरेस्टवर उभं राहून दणका चुकवता येत नाही, सगळा कण्यात येतो. आणि पुढचं चाक लांब असल्याने गल्लीतला यू टर्न एका दमात बसत नाही. पण सिग्नलला पाय टेकण्याची जी भीती असते ना नवशिक्यांना, की आता थांबले आणि पाय खाली जाईपर्यंत गाडी कलली तर, ती माझी पहिल्या दिवशीच संपली आणि ती संपली की बाकी सगळं शिकायला डोकं मोकळं राहतं.

नवऱ्याला रॉयल एनफील्डचीच हिमालयन पाहिजे होती अर्थात. 825 ची सीट, 196 किलो, लडाखचे व्हिडिओ बघून बघून. त्या पोराने एकच प्रश्न विचारला, "काका, बोपदेव घाटाच्या वळणावर बंद पडली तर उभी धराल का?" हंटर घेतली. एक सुचवते, दोघांच्याही गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, आहे का ते जरूर बघा. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते कंपल्सरी आहे, त्यामुळे सेकंडहँड घेताना त्याच्या आधीची घेऊ नका, दहा-पंधरा हजार वाचतात म्हणून तर अजिबातच नाही. आणि दुकानातून निघण्याआधी क्लचच्या लिव्हरपर्यंत तुमची बोटं नीट पोचतात का बघा, बायकांचे हात लहान असतात आणि हे कुणी सांगत नाही. केबलचं ॲडजस्टमेंट करून क्लच थोडा जवळ धरायला लावता येतो, पाच मिनिटांचं काम.

आता दोन गाड्या घेऊन एकत्र फिरणं. एका गाडीवर असतो तेव्हा भांडण झालं तरी दोघं एकाच ठिकाणी पोचतो, दोन गाड्यांवर तसं नसतं. पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा नवरा पुढे आणि मी मागे, त्याला वाटायचं मी येतेय, मला वाटायचं तो थांबेल, आणि तो गॅप बघून ट्रकला ओव्हरटेक करायचा आणि त्याच्यासाठी असलेला गॅप माझ्यासाठी पण आहे असं समजून मी घुसायला बघायची. हे सगळ्यात डेंजर आहे. पुढच्याने ओव्हरटेक केला म्हणून आपण करायचा नाही, आपला रस्ता आपण बघायचा, तो पुढे जाऊन थांबेल. यावर उपाय म्हणजे हळू चालवणारा पुढे. बास. आमच्यात मी पुढे असते. आरशात तो दिसतो, तो माझ्या वेगाने येतो, त्याचा अहंकार पहिले दोन रविवार दुखला मग गेला. थेट एकमेकांच्या मागे न राहता एक लेनच्या उजवीकडे, एक डावीकडे, म्हणजे मी अचानक ब्रेक मारला तरी त्याला जागा असते. थांबे घरूनच ठरवून निघायचं.

हेल्मेटमध्ये बोलायचे ते ब्लूटूथ इंटरकॉम पण घेतले होते आम्ही. घेऊ नका असं म्हणणार नाही, पण नवीन असताना बंद ठेवा. "गिअर बदल", "इंडिकेटर चालू राहिलाय तुझा", "अगं गाय", हे सतत कानात आलं तर माणूस गायीवर जाईल. आम्ही आता फक्त हायवेला चालू करतो आणि तिथेही लेकीचा फोन आला की दोघं बाजूला थांबतो.

नवशिक्यांना रूट सांगायचा तर पानशेत नको, निदान रविवारी तरी नको, खडकवासल्याच्या भिंतीपाशी कणीसवाले आणि सेल्फीवाले यांच्यातून क्लच मारत मारत मनगट जातं. ताम्हिणी घाट पावसात तर मुळीच नको. आम्हाला आवडतो तो बोपदेव घाट चढून सासवड, तिथून नारायणपूर, मग पुरंदरच्या पायथ्याने कापूरहोळला बाहेर पडायचं आणि सातारा रोडने परत. घाट छोटा आहे पण वळणं खरी आहेत, दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढायचं. सीझनला सासवडला अंजीर, सीताफळं. इतकी वर्षं मागे बसून मी या रस्त्यावर किल्ले आणि शेतं बघितली होती, आता मला विचाराल तर कुठल्या वळणावर खडी आहे, कुठे ओढ्याचं पाणी रस्त्यावर येतं आणि कारखाने सुरू झाले की ऊसाच्या ट्रॉल्या कुठून बाहेर येतात एवढंच सांगता येईल. अंधार पडायच्या आत घरी, कारण त्या ट्रॉल्यांना मागे लाईट नसतो बऱ्याचदा. आणि मुंबईला जायचं तर जुना हायवे, एक्स्प्रेसवेवर दुचाकी चालत नाही, हे नवऱ्याला पण माहीत नव्हतं.

गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्या असतात ना, तिथे जाऊन पहिल्यांदाच बुलेटवर बसणारी जोडपी बघितली की आता माझा जीव वरखाली होतो. शॉर्ट्स, चपला, आणि हेल्मेट कोपराला.

हेल्मेटवरून आम्ही पुणेकरांनी काय बोलावं म्हणा, 2019 च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलनं करणारे आम्हीच. पण दोघांसाठी बजेट काढताना गाडीच्या आधी हे काढा. फुल फेस, आयएसआय मार्क असलेलं, नवरा-बायकोचं डोकं एका मापाचं नसतं त्यामुळे दोघांनी घालून बघूनच घ्यायचं. जॅकेट, ग्लव्ह्ज, घोट्याच्या वर येणारे बूट. नवऱ्याचं सगळं एका दुकानात अर्ध्या तासात झालं. माझ्यासाठी बुटांना मुलांच्या सेक्शनमध्ये जावं लागलं आणि जॅकेट मिळालं ते कमरेत बरोबर तर खांद्यात ढगळ, ज्याचं पॅड कोपराऐवजी मनगटाकडे येतं, म्हणजे पडले तर काय उपयोग त्याचा. ग्लव्ह्ज अजून मिळालेले नाहीत. लेडीज स्मॉल म्हणून जे देतात त्यात बोटांची टोकं एक इंच रिकामी राहतात आणि क्लच धरताना ती दुमडतात. पुण्यात किंवा ठाण्यात कुठे खरंच लहान मापाचे, तळव्याला पॅडिंग असलेले मिळत असतील तर कळवा, गुलाबी नसले तर उत्तम.